दोन किलो पाचशे

बाहुली खोक्यातून आली,
मेणकापडी तक्ता, रंगीत ठोकळे
आणि हात धुवायच्या सूचनांसोबत.
धड कापडाचं, डोकं प्लास्टिकचं.
आडवं केलं की एक डोळा मिटायचा,
दुसरा नाही.
बाळाला छातीशी कसं धरायचं, ते आयांना शिकवायला.

पहिल्या दिवशी तिला काट्याच्या झोळीत टाकलं
नुसतंच, काटा बरोबर दाखवतो का बघायला.
एक किलो शंभर.
मागे भिंतीशी बसलेल्या बायकांमधली एक उठून गेली.
तेव्हा मला त्यात काही दिसलं नाही.

पुढच्या महिन्यात एक किलो तीनशे.
त्याच्या पुढच्या, दीड.
माझी मदतनीस पंचफुलाबाई झाडू टाकून म्हणाली,
"बाई, हे बाहुली जेवते."

मग गाव बोलायला लागलं.
नथ्थू गायकीनं पहाटे खिडकीतून चुटूचुटू आवाज ऐकला,
लेकरू पेते तसा.
ढोक्यांची शेळी गाभडली ती हिच्याचमुळे.
कोणी म्हणालं, तिचे केस वाढले.
केस तिला नव्हतेच,
डोक्यावर नुसता तपकिरी रंग होता.
भुलाबाईची गाणी म्हणणाऱ्या पोरी
अंगणवाडीसमोरून जाताना गाणं गिळायच्या.
उंबऱ्यावर रोज एक लिंबू,
ज्याचं सरबत करायची माझी हिंमत नव्हती.

"अडाण नदीत सोडून द्या तिले,"
सरपंचबाईंचे मालक म्हणाले.
"सरकारी माल आहे," मी म्हटलं,
"रजिस्टरला नोंद आहे."
भुतालाही नोंदवहीची अडचण असते,
हे त्यांना पटलं.

दारव्ह्याहून वानखडे मॅडम आल्या.
काटा बिघडला, म्हणाल्या. नवा काटा आणला.
नव्या काट्यावर एक किलो नऊशे.
मॅडमनी चहा अर्धा ठेवला, चारची बस पकडली.

त्याच दिवशी मी चौदा मुलं तोलली.
अकरा होती तिथंच.
दोन उतरली होती.
खाल्लेलं अंगी लागत होतं ते
साऱ्या गावात त्या एकटीच्या.

कोणी नसताना तिला पालथी केली.
पाठीची शिवण वेगळी होती.
हिरवा दोरा, गोधडीचा टाका,
जवळजवळ, जीव लावून घातलेला.
चार टाके उसवले.
ज्वारी. मूठभर तुरीची डाळ. सरकी.
आम्हीच वाटतो त्या पाकिटातली सुकडी,
गाठ मारलेल्या चिंधीत.
आणि मधोमध, छातीच्या जागी,
काळ्या मण्यांची मनगटी,
माझ्या दोन बोटांतही न जाणारी.

जन्मनोंदीची वही काढली. पान मला माहीत होतं.
सुकेशनी मेश्राम. मुलगी. नाव ठेवलं नाही.
एक किलो शंभर.
पुढचे रकाने मीच लाल पेनानं कापले होते,
पट्टी लावून, सरळ.

अंगणवाडीची किल्ली दोघींकडेच असते,
माझ्याकडे आणि पंचफुलाबाईकडे.
मी विचारलं नाही. तिनं सांगितलं नाही.
बाजारातून हिरवा दोरा आणला,
टाके होते तसे घातले.

पौषात सुकेशनी नवऱ्याबरोबर वीटभट्टीवर गेली,
तिकडे बल्लारशाकडे कुठंतरी.
महिना भरला.
दोन किलो तीनशे. मागच्या वेळेइतकंच.
गावाचा जीव भांड्यात पडला, नारळ फुटला.
नथ्थू म्हणाला, "गेलं बाप्पा एकदाचं."

भिंतीवरच्या तक्त्यात
लाल पट्टा जिथं संपतो,
तिथून ती दोनशे ग्रॅम खाली होती.

संध्याकाळी कुलूप लावून घरी गेले
आणि पदराखाली डबा घेऊन परत आले.
दिवा लावला नाही.
तूर तोलली नाही, मुठीनंच घातली,
हात सांगेल तेवढी.
सुईत दोरा ओवायला किती वेळ लागला, सांगता येत नाही.

दारात पंचफुलाबाई उभी होती,
कधीची, कोणास ठाऊक.
"बाई," ती म्हणाली, "टाका सैल घाला जरा.
अजून वाढाची हाये थे."